३३८ मीटर खाली

१९७२ : विहीर

चपला काठावरच ठेवा. या विहिरीला पायऱ्या नाहीत. दरडीत कोरलेल्या खोबण्या आहेत आणि हाताशी एक सोल, त्याच्या आधारानं उतरायचं.

साल १९७२ सरत आलंय. तुम्ही बालाघाटच्या माथ्यावर, भूमच्या शिवारात आहात. जिल्ह्याचं कागदोपत्री नाव उस्मानाबाद. पावसानं पाठ फिरवली आणि ज्वारी पोटरीत येण्याआधीच करपली. अर्धं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडतंय, उरलेलं पाझर तलावाच्या भरावावर माती टाकतंय. कामावर सुकडी मिळते, रेशनवर तांबडी मिलो. ज्याच्याकडे विहीर आहे, तो ती आणखी खोल करतोय.

उतरा. पहिले दोन हात काळी माती, भेगाळलेली. मग मुरूम, टिकावाच्या घावासरशी पिवळसर खडे सुटतात आणि घमेल्यात पडतात. त्याखाली खडक सुरू होतो, पण तो ठिसूळ आहे. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. नखाएवढ्या पोकळ्यांनी तो भरलाय आणि कित्येक पोकळ्यांत पांढरे चकचकीत खडे बसलेत. तळवा टेकवा. गार लागतं, कारण इथं ओल आहे. करंगळीएवढी धार दरडीतून सुटून तळाशी जमते. त्याच्याही खाली काळा फत्तर. पहार आपटली की ठिणगी उडते आणि हात झिणझिणतो.

वडारांच्या टोळीतला म्हातारा मिस्त्री यारीच्या दोराला रेलून उभा आहे. तो वर बघून ओरडतो, "मालक, काळा लागला. आता खाली पानी न्हाई, उगा सुरुंग वाया घालवू नका." मालक ऐकत नाही. पाणाड्यानं नारळ हातावर धरून सांगितलंय, पस्तीस फुटांवर तीन झरे आहेत.

मिस्त्रीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, खडक आहे बेसॉल्ट. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि झिजलेला असतो, तिथं पाणी मुरतं. मधला गाभा घट्ट असतो. त्यात जिथं भेगा असतील तेवढंच पाणी, भेगा नसतील तर थेंब नाही. पाणी धरणारा हा वरचा खडकसुद्धा मुळात कंजूष आहे. शंभर लिटर आकारमानाचा भिजलेला खडक निथळू दिला तर हाती येतं एक ते तीन लिटर पाणी. गंगेच्या गाळात जी चैन शक्य आहे, ती इथं नाही.

याच काळात नुकतीच स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात विहिरींच्या नोंदी करू लागली आहे. युनिसेफच्या मदतीनं हवेच्या दाबावर खडक फोडणारी यंत्रं येताहेत. जालन्यात आणि शेजारच्या सोलापुरात मिशनच्या लोकांनी बनवलेले हातपंप गावागावांत बसताहेत. याच सोलापूर पंपावरून पुढे 'इंडिया मार्क टू' घडेल आणि अर्ध्या जगात जाईल. हे सगळं दुष्काळानं करून घेतलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा हिशेब लागणार आहे.

मिस्त्री जिथं थांबला, तिथून तुम्हाला आणखी खाली जायचंय.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी : लाव्हा

फत्तर मऊ होत जातो, तापतो, वाहू लागतो. तुम्ही त्याच्याबरोबर मागे आलात. भारताचा तुकडा अजून आशियाला चिकटलेला नाही. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि उत्तरेकडे सरकतोय. पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी शोधू नका. इथं जमीन लांबच लांब भेगांनी उसवली आहे आणि त्यातून लाव्हा उतू जातोय.

एक थर येतो, पसरतो, निवतो. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकतात, त्याच तुमच्या मांजऱ्यातल्या पोकळ्या. खालचा लाव्हा सावकाश थंड होतो, तो काळा फत्तर. मग शांतता. ती कधी हजारो वर्षांची असते. खडक झिजतो, त्याची तांबडी माती होते, खोलगट जागी तळी साचतात, काठानं झाडं उगवतात. पुन्हा भेग उसवते आणि नवा थर सगळ्यावर चढतो. वर्षानुवर्षं सारवलेल्या अंगणातला पोपडा निघाला की आत जसे पापुद्रे दिसतात, तसं हे पठार एकावर एक चढत गेलं. दोन थरांमधली ती भाजलेली तांबडी माती आजही घाटरस्त्याच्या कापात गेरूच्या पट्ट्यासारखी दिसते.

सह्याद्रीकडे या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते. पूर्वेकडे ती कमी होत जाते, आणि धाराशिव-लातूरकडे लाव्ह्याची ही चादर बरीच पातळ आहे. तिच्याखाली काय आहे, हे कुणी विचारलेलं नाही. विचारायला माणूसच जन्मलेला नाही.

सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी : तेर

आता वर या. डोळे उघडाल तेव्हा समोर तेरणा वाहत असेल.

हे तगर, आजचं तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' या समुद्रवाटांच्या पुस्तकात या गावाची नोंद केली: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथलं कापड बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात उतरतं. तुम्ही पोचलात तोवर सातवाहनांचा काळ मागे पडलाय, पण वस्ती आहे. नदीच्या पुरानं आणलेल्या गाळावर विटांचं बांधकाम आहे. गजपृष्ठाकार छताचं विटांचं चैत्यगृह उभं आहे, ज्याला पुढे लोक त्रिविक्रमाचं देऊळ म्हणतील.

काठावरून खाली वाळूत उतरा आणि नदीनं कापलेल्या दरडीकडे बघा. गाळाचे आडवे थर, मधेच विटांचा आणि खापरांचा एक थर, पुन्हा गाळ. सगळं सरळ रेषेत.

मग पायाखालून घरघर येते. आधी कानाला नाही, गुडघ्यांना कळते. क्षणात दरड दोन्ही बाजूंनी दाबली जाते. आडवे थर मुरडतात, त्यांना बाक येतो. एके ठिकाणी गाळाचा एक भाग दुसऱ्याच्या अंगावर चढतो, आणि त्याबरोबर विटांचा थरही तुटून वर सरकतो. धूळ बसते. नदी पुन्हा वाहू लागते. पुढच्या पुरात या वळ्यांवर नवा गाळ बसेल आणि त्यांना झाकून टाकेल.

ही घटना कुठल्या ताम्रपटात आली नाही, माहात्म्यात आली नाही. ती फक्त या दरडीत राहिली. तेरचं नाव पुढे संत गोरोबाकाकांमुळे घराघरांत गेलं, वारकरी काल्याला येत राहिले, आणि या मुरडलेल्या थरांशेजारी लोक धुणी धूत राहिले.

१६१३ : नळदुर्ग

इथं फार रेंगाळायचं नाही, पण वाट वाकडी करण्यासारखं ठिकाण आहे. बोरी नदीच्या पात्रात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत बांधलेला बंधारा नुकताच पुरा झालाय. किल्ला आणि समोरची रणमंडळाची टेकडी त्यानं जोडली आहे. बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. जिना उतरून आत जा. पाणी डोक्यावरून सांडव्यातून कोसळतंय, नर आणि मादी या दोन धारा समोर पडताहेत आणि तुमचा अंगरखा कोरडा आहे.

सौंदर्य पुष्कळांनी वर्णिलंय, तुम्ही पाया बघा. काळा फत्तर! जो खडक पोटात पाणी घेत नाही, त्याच्यावर पाणी अडवलं तर ते खाली झिरपून जात नाही. बांधणाऱ्यांनी खडकाचा स्वभाव ओळखला आणि त्याच्या कलानं घेतलं. चारशे वर्षं झाली, बंधारा उभा आहे.

३० सप्टेंबर १९९३ : सास्तूर

तेरणेच्या काठानंच खाली चला. तेर मागे पडतं, माकणीचं निम्न तेरणा धरण लागतं, मग सास्तूर. नदीपलीकडे, लातूर जिल्ह्यात, किल्लारी.

काल अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची मिरवणूक उशिरापर्यंत चालली. गुलाल अजून उंबऱ्यांवर आहे. माणसं दमून झोपली आहेत.

एका घरात शिरा. भिंत चाचपून बघा: दोन-अडीच फूट जाडीची. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड दगड, मधे माती आणि चिपा. दोन्ही अंगांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड जवळपास नाहीच. वर लाकडी तुळया, त्यावर माळवद. गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर मातीचा नवा थर टाकला जातो, त्यामुळे छतावर टनावारी माती आहे. उन्हाळ्यात हे घर गार राहतं. जुना दरारा, चोरांपासून सुरक्षितता, घराण्याची पत, सगळं त्या जाड भिंतीत आहे.

गेल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीच्या आसपास जमीन वारंवार गुरगुरली होती. ऑक्टोबरात एक धक्का इतका जोराचा होता की घरांना तडे गेले. लोक घाबरले, बाहेर झोपले, अर्ज केले. धक्के थांबले आणि माणसं घरात परतली. छोट्या धक्क्यांवरून मोठ्याची तारीख सांगणं तेव्हाही शक्य नव्हतं, आजही नाही. पण सरकारी मानकांच्या नकाशातही हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखवला होता. दख्खन म्हणजे अचल, १९६७ चा कोयनेचा भूकंप धरणामुळे झालेला अपवाद, अशी समजूत पक्की होती.

पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. तुम्ही अंगणात उभे रहा, आत थांबू नका.

आवाज आधी येतो, जमिनीच्या आतून. मग भिंतीचा बाहेरचा पदर बाहेर फुगतो, आतला आत. मधली माती भसकन खाली येते. तुळई निसटते आणि छताची सगळी माती एकदम कोसळते. दुसऱ्या घराचं तेच, तिसऱ्याचं तेच. काही सेकंदांत गाव दगडमातीचा ढीग होतो. कुडाच्या झोपडीतलं कुटुंब मात्र बाहेर येऊन उभं आहे. त्यांच्या अंगावर पडण्यासारखं जड काही नव्हतंच.

६.२ तीव्रतेचा भूकंप. जगाच्या हिशेबात तो मध्यम म्हणायचा. केंद्र मात्र जमिनीच्या अगदी जवळ होतं. सरकारी नोंदीत मृत्यू जवळपास आठ हजार, काही अहवालांत आकडा दहा हजारांच्या घरात जातो. उमरगा आणि औसा तालुक्यांतली गावंच्या गावं संपली. ५२ गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली.

१९९३ नंतर : नळकांडं आणि दरड

आता शास्त्रज्ञांच्या मागोमाग चला. किल्लारीत एक उंच मनोरा उभा राहिलाय, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचं हे छिद्रण. पोलादी नळीतून खडकाचं नळकांडं वर येतं, ते पेटीत क्रमानं मांडलं जातं. मनगटाएवढ्या जाडीचा तो दगड हातात घ्या. जड आहे, आणि प्रत्येक तुकड्यावर खोली लिहिली आहे. काळा, सच्छिद्र, तांबडा, पुन्हा काळा. १९७२ च्या विहिरीत जे हातभर दिसलं, ते इथं शेकडो मीटर सलग आहे.

३३८ मीटरवर लाव्हा संपतो. त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आहे: लाव्हा येण्यापूर्वीची जमीन. आणि त्याच्याखाली फिकट, दाणेदार, पट्टेरी ग्रॅनाइटी खडक, दोन अब्ज वर्षांहून जुना. पुस्तकातला 'अचल' दख्खन तो हा. त्याच्यात जुन्या भेगा आहेत, वरच्या काळ्या चादरीनं त्या झाकल्या होत्या इतकंच. भारताचा तुकडा आजही उत्तरेकडे रेटतोय, त्या रेट्याचा दाब इथवर पोचतो, आणि अशीच एक भेग त्या पहाटे सरकली. खडकाचा एक भाग दुसऱ्याच्या अंगावर चढला. किल्लारीजवळच्या रानात जमिनीला आलेल्या उंचवट्याच्या रूपानं ते वरही उमटलं. माकणीच्या जलाशयाचा यात हात होता का, यावर वाद झाला. जलाशय उथळ असल्यानं अनेकांना ते पटलं नाही.

मग प्रश्न आला: असं इथं आधी झालं होतं का?

तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान अध्ययन केंद्रातले सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांचा गट तेरणेच्या काठानं हिंडत होता. तुम्हीही त्यांच्याबरोबर तेरच्या वाळूत उतरा. दरड तीच. ते थापीनं वरची सुटी माती खरवडतात, आणि आडव्या रेषांमधून एक वाकडी रेष बाहेर येते. मुरडलेला गाळ. बाक आलेले थर. एकावर एक चढलेला भाग, आणि त्यात सापडलेला विटांचा थर. वीट माणसाची, म्हणजे हे माणसाच्या काळात घडलं. अवशेषांच्या आधारानं त्यांनी काळ ठरवला: सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी. १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन छापून आलं.

त्याचा अर्थ नीट समजून घ्या. तेर किल्लारीपासून पन्नासेक किलोमीटरवर, त्याच नदीवर आहे. म्हणजे १९९३ हा या मातीतला पहिला प्रसंग नव्हता. दोन मोठ्या धक्क्यांमध्ये इतकी शतकं जातात, की आजीनं नातीला सांगायची साखळी तुटते. लोकांच्या आठवणीत भूकंप राहिला नाही म्हणून माळवद जाड होत गेलं. नकाशा करणाऱ्यांकडे नोंद नव्हती म्हणून क्षेत्र पहिलं राहिलं. २००२ मध्ये मानकं सुधारली, पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि हा पट्टा तिसऱ्या क्षेत्रात गेला. त्याची किंमत आधी चुकती झाली होती.

आज

परत आलात. जिल्ह्याच्या पाटीवर आता धाराशिव आहे. रस्त्याकडेला बोअरची गाडी उभी आहे, पांढरी धूळ उडतेय. फुटाच्या दरानं पैसे ठरलेत. तीनशे फूट झाले, पाचशे झाले. तुम्हाला आता धुळीचा रंग वाचता येतो: फिकट तांबूस आली की दोन थरांमधली माती, करडी काळी आली की फत्तर. कधी पाचशे-सहाशे फुटांवर भेग सापडते आणि पाणी उसळतं. ते पाणी फार जुनं असतं, आणि ज्या वेगानं पंप ते उपसतो त्या वेगानं पुन्हा भरत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं साठ मीटरहून खोल विहिरींना लगाम घातलाय. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. गाडीवाल्याला हा आकडा विचारून बघा.

पाऊस वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर. तो कसा पडतो याचा मात्र नेम नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा या जिल्ह्यातही टँकरच्या रांगा होत्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात सीना नदीला असा पूर आला की माणसांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. दोन्हीच्या मुळाशी एकच खडक आहे. कमी पाऊस झाला तर पोटात साठा नाही. एकदम झाला तर मुरायला जागा नाही, पाणी सरळ उतारानं धावतं. बालाघाटच्या माथ्यावर पडलेला थेंब पश्चिमेला ओघळला तर सीना-भीमेतून कृष्णेला जातो, पूर्वेला ओघळला तर तेरणा-मांजरेतून गोदावरीला. जिल्हा दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या कण्यावर बसलाय, दोघींना पाणी देतो आणि स्वतःकडे थोडंच ठेवतो. अशा ठिकाणी ऊस वाढवायचा की तूर-सोयाबीन, हा प्रश्न बाजारभावाइतकाच भूगर्भाचाही आहे.

आता तो हिशेब. भूजलाची यंत्रणा रुजली ती दुष्काळात. ग्रॅनाइटपर्यंत भोक पडलं ते गावं गाडली गेल्यावर. तेरची दरड खरवडली तीही त्यानंतरच. इथल्या जमिनीबद्दल आपल्याला जे जे कळलं, ते संकटानं शिकवलं. पहिल्यांदाच परिस्थिती वेगळी आहे: माहिती आधी आहे, संकट अजून यायचं आहे. आता कळत नव्हतं असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

म्हणून एवढं करा. पुनर्वसनातल्या घराला मागे खोली जोडत असाल किंवा वर मजला चढवत असाल, तर जोत्याला, दारांच्या वरच्या पातळीला आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा आहे का, हे गवंड्याला विचारा. नसेल तर काम थांबवा. दगडाची भिंत असेल तर आरपार दगड घालायला लावा. बोअर मारण्याआधी पाणाड्याला दक्षिणा द्यायची तर द्या, पण भूजल यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन आपल्या शिवारातल्या निरीक्षण विहिरीची पातळी आणि थरांची माहिती मागा. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि ग्रामसभेत गावचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा आग्रह धरा, पेरणीच्या आधी, पाणी आटल्यावर नव्हे.